पाहुण्यांना ओल दाखवत नाहीत

६ फेब्रुवारी

खारूताई,

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला वाजतं, म्हणून लिहायला बसले. कागदाला मध्येच "आई, पुरे" म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तुमच्या समितीची नोटीस इथे नगरपालिकेच्या फळ्यावर लागली आहे. 'किनारी वस्त्यांची क्षमता पाहणी.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. समुद्र हा शब्द अख्ख्या नोटिशीत नाही. पाणी आहे, पण ते अगदी शेवटी, 'सदस्यांसाठी पिण्याच्या पाण्याची सोय करावी' या ओळीत. तू लिहिलीस का ग ही? तू लिहिली असशील तर शाळेत तुला निबंधाला बक्षीस देणाऱ्यांना मी शोधून काढणार आहे.

मास्तरांनी मला त्यातली मेख समजावून सांगितली. ते आता निवृत्त झालेत, पण समजावायची खोड जात नाही. सरकारदरबारी आपलं गाव 'आपत्ती'त मोजलं, तर घर पडल्यावर मदत मिळणार, ज्याची त्याला, वेगवेगळी. मग ज्याने त्याने आपली वाट धरायची. म्हणजे बैल गेला नि झोपा केला. पण 'हवामान बदला'त मोजलं, तर घर पडायच्या आधी सगळं गाव उचलून वरच्या माळावर बसवणार, शाळा, दवाखाना, शेजारपाजार सगळ्यासकट. समुद्र तोच, भिंती त्याच. कुणाच्या कागदात आपण बसतो, एवढाच प्रश्न, आणि तो तुमची समिती सोडवणार.

मला माळावर जायचंय, हे तुला म्हणून सांगते. एकटीने नाही, सगळ्यांबरोबर. बंदराकडच्या गल्लीत आता दिवे लागत नाहीत. कोळीणबाई मुलाकडे गेली, न्हावी लेकीकडे. न्हावी गेल्यापासून मास्तरांचे केस मीच कापते, म्हणून ते हल्ली घरातसुद्धा टोपी घालतात. असेच एकेक जात राहिले तर गाव बुडायच्या आधीच संपेल.

समितीची मंडळी आपल्याच लॉजवर उतरणार आहेत. दुसरं लॉज आहे कुठे! तू येणार आहेस का त्यांच्याबरोबर? येणार नसलीस तरी माझं काही अडत नाही. तुझी खोली मी तशीही रोज झाडतेच.

आई


२० फेब्रुवारी

खारूताई,

मंडळी आली, राहिली, गेली. तू नव्हतीस. तुमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, स्वतःच्या गावाच्या पाहणीला जायचं नाही असा नियम आहे. नियम चांगला आहे. मला आधी कळवला असतास तर मी स्टँडवर जाऊन उभी राहिले नसते.

अध्यक्षबाई मला आवडल्या. उंच आहेत, आणि जिना चढताना गुडघ्याला शिव्या देतात. सभ्य शिव्या, पण देतात. त्यांना खालची चार नंबरची खोली दिली. "कपाट असं भिंतीच्या मधोमध का?" म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं.

गाव छान दिसत होतं. नगरपालिकेने जरा साफसफाई, रंगरंगोटी केली होती. बांधावरून फिरताना सगळ्यांनी फोटो काढले. त्या दिवशी समुद्रही शहाण्यासारखा वागला, अगदी जावई आल्यावर वागतात तसा.

संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्यासमोर स्टुलावर बसून बाई म्हणाल्या, "आजी, सभागृहात मी रडणारी गावं नेऊन नेऊन थकले. फोटो लावला की सभासद चहाला उठून जातात. त्यांना आता आशा दाखवावी लागते. तुमच्यासारखं हसतं गाव मला हवंच होतं." मी त्यांना अजून एक ऑम्लेट वाढलं. कौतुक कुणाला नको असतं?

निघताना माझा हात हातात घेऊन "तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे" म्हणाल्या. दोन दिवस मी नुसती तरंगतेय. मास्तर मात्र गप्प आहेत. का गप्प आहेत ते विचारलं तर टोपी नीट करतात.

तू जेवतेस ना वेळेवर? अध्यक्षबाई म्हणाल्या की मसुदा लिहिण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही. मी म्हटलं, माहिती आहे. आणि उशीखोळ शोधायच्या निमित्ताने आत निघून गेले.

आई


१४ मार्च

खारे,

तुमच्या अहवालाचा मसुदा हरकतींसाठी इथे आला. काल शाळेच्या मोठ्या वर्गात मास्तरांनी मोठ्याने वाचला. माणसं बाकांवर दाटीवाटीने बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन.

आपल्या गावावर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात माझ्यावर एक परिच्छेद. नाव नाही, पण लॉज चालवणारी एकटी बाई गावात दुसरी कोण? मला तो आता पाठ आहे. 'पाणी ओसरलं की ती आधी दाराबाहेरची पायरी पुसते आणि मग घरात शिरते, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला धीर यावा. तिने आजवर कुणाकडे मदत मागितलेली नाही.'

खारे, समिती होती तेव्हा पाणी आलंच नव्हतं. पायरी पुसताना मला त्यांच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही. मला तसं करताना पाहिलंय ते एका पोरीने, माडीच्या जिन्यावर बसून, ओलं दप्तर मांडीवर घेऊन. मला वाटायचं, माझ्या वेडेपणाचा तुला राग येतो. घर सोडून आधी पायरी काय पुसतेस, असं तू एकदा ओरडलीही होतीस. आणि तुला ते असं दिसत होतं?

मी मास्तरांना तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. ऐकू आलं नाही असं खोटंच सांगितलं. सहा वर्षांत तू माझ्याबद्दल काही चांगलं बोलली नव्हतीस, आणि बोललीस ती थेट सरकारी अहवालात. कोण आनंद झाला म्हणून सांगू.

मग मास्तरांनी निष्कर्ष वाचला. 'सबब ही वस्ती सक्षम असून तिच्या स्थलांतराची आवश्यकता दिसत नाही. अन्य वस्त्यांसाठी आदर्श म्हणून तिचा प्रसार करावा. दहा वर्षांनी फेरविचार.'

बेकरीवाली तिच्या धाकट्याचे बूट बांधत राहिली. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. रागाने बघत असते तर बरं होतं.

आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय, आणि दहा वर्षं खाली उतरायचं नाही म्हणतात.

आई


१७ मार्च

परवा पत्र टाकलं आणि रात्री झोप लागली नाही. समिती येऊन गेल्यावरच्या पत्रात मी एक लपवाछपवी केली आहे. रंगरंगोटी नगरपालिकेने केली नाही. ती मी करून घेतली.

नोटीस आली त्याच आठवड्यात मी सगळ्यांना लॉजच्या जेवणघरात बोलावलं. म्हटलं, पाहुणे येतायत, गावाची लाज राखायची. मास्तर म्हणाले, "वहिनी, ते काय बघायला येतायत ते तरी लक्षात घ्या. आहे तसं राहू दे." मी म्हटलं, चिखलात उभ्या असलेल्या माणसाला कुणी माळावर घर देत नाही, तो माळाचाही चिखल करील असं वाटतं त्यांना. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्यांना पटलं. मला आयुष्यभर लोकांना पटवायची सवय, हीच पंचाईत.

मग आम्ही रस्त्यावरची वाळू उचलली. बांधाला पडलेली भगदाडं दगडांनी बुजवून वरून चुना मारला. नळवाल्या भाऊंनी तळघरांतलं पाणी पंप लावून उपसलं. बेकरीवालीने खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. आणि कुणाकडे भिंतीला ओल असेल तिथे काय करायचं ते मी घरोघर जाऊन शिकवलं. डाग खाली असेल तर कपाट, मधे असेल तर आरसा, वर असेल तर लांब पडदा. जमीन फुगली असेल तिथे सतरंजी. पाहुणा दारात आला की चुलीवर कॉफी उकळत ठेवायची, म्हणजे कुबट वास मरतो. चाळीस वर्षांची विद्या मी एका आठवड्यात गावभर वाटली. चार नंबरचं कपाट का मधोमध होतं, ते आता तुला कळलं. त्याच्यामागे हात घातला तर पोपड्यांसकट चुना मुठीत येतो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुझ्यावर रागावायला बसले होते. पण तू तरी वेगळं काय केलंस? मी भिंत रंगवली, तू मला. दोघींनी मायेनेच केलं. खारे, तो परिच्छेद काढून टाक. तुझ्या हातात असेल तर आजच काढ. हे लिहिताना माझ्या जिवाचं काय होतंय ते तुला सांगत नाही.

आई


३० मार्च

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून मी आधी हात धुतले, मग फोडलं.

परिच्छेद तुला काढता येत नाही, कारण छापला गेला की तो तुझा राहत नाही, समितीचा होतो. तो बदलायचा तर साक्षीदाराने जाहीर सुनावणीत येऊन सांगायचं. समजलं. आणि मी तसं सांगितलं, तर समितीने न पाहिलेली गोष्ट अहवालात कुणी घातली ही चौकशी होणार, आणि बोट तुझ्याकडे जाणार. हे तू एका ओळीत लिहिलंस, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल. पुढची ओळ मी किती वेळ बघत बसले. 'आई, तू खोटं बोलू नकोस, आणि मला वाचवूही नकोस.'

असं पत्र लिहिणारी पोर मला आहे, आणि मी तिच्याशी सहा वर्षं भाजीच्या भावावर बोलतेय.

बाबा गेल्यावर तू मला न्यायला आली होतीस. दारात टॅक्सी थांबलेली. मी म्हटलं, पळपुट्यांच्या गाडीत मी बसत नाही. तू म्हणालीस, मग बुड. ते मी मनात धरलेलं नाही. बरं, धरलंय, पण आता सोडते. तूही माझं सोड. आपण दोघी घाबरलो होतो, आणि आपल्या घरात घाबरल्यावर भांडायची पद्धत आहे.

नऊ तारखेला सुनावणीला येते. मास्तर म्हणतात, बोलायचं ते लिहून घ्या. मी म्हटलं, लिहून गोंधळ घालायला आमच्या घरात एक आहे, तेवढी पुरे.

आई


९ एप्रिल, स्टेशनवरचं प्रतीक्षालय

खारूताई,

गाडीला वेळ आहे. साक्षीदार नात्यातला म्हणून तुला बाहेर बसवलं, आणि मी बाहेर आले तर बाक रिकामं. शिपाई म्हणाला, तुला वर बोलावलंय. पुष्कळ वेळ थांबले. मग त्यानेच सांगितलं, आज काही सुटका होणार नाही त्यांची, आजी, तुमची गाडी चुकेल. म्हणून इथे येऊन लिहितेय. तू आत नव्हतीस तेव्हा काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

तुमचा हॉल केवढा ग थंड! बाहेर जग तापल्याची चर्चा आणि आत सगळे कोट घालून. मला मधल्या खुर्चीत बसवलं. समोरच्या माईकवर लाल दिवा लागला की बोलायचं. अध्यक्षबाई ओळखीचं हसल्या. "आजी, तुमची हरकत समजत नाही. आम्ही तर तुमचं कौतुकच केलंय."

मी म्हटलं, "कौतुकाने भिंत वाळत नाही, बाई."

मग मी सांगितलं. वाळू, चुना, पंप, कपाटं, कॉफी. कोपऱ्यातले एक सदस्य हसायला लागले, मग दोघं-तिघं हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पण का? तुम्हाला तर मदत हवी होती."

"पाहुणे येणार होते म्हणून," मी म्हटलं. "आमच्या धंद्यात पाहुण्यांना ओल दाखवत नाहीत."

कोपऱ्यातल्या त्या सदस्यांनी अहवालाचं पान उलटून माझ्याचबद्दलचा तो परिच्छेद वाचून दाखवला. सगळ्या हॉलसमोर, माईकवर. "यातलं खोटं काय आहे, सांगा," म्हणाले. "पायरी पुसत नाही तुम्ही?"

"पुसते."

"मदत मागितलीत कधी?"

"नाही मागितली."

"मग?"

खारे, तेव्हा मला वाटलं की उठावं आणि निघून यावं. राहू दे तो परिच्छेद. राहू दे माझ्या लेकीने लिहिलेलं, दहा वर्षं तरी राहील कुठेतरी छापील. खरंच वाटलं. मग मागे बेकरीवाली खोकली. ती आणि मास्तर माझ्या सोबतीला आले होते, स्वतःच्या खर्चाने, मी नको नको म्हणत असताना.

मी म्हटलं, "साहेब, त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण अर्धं आहे. उधाणाच्या रात्री मी बूट घालून झोपते. झोपते म्हणजे काय, पडून राहते. पाणी जिन्याला लागल्याचा आवाज येतो तेव्हा मी उशीत तोंड घालून ओरडते, वर उतारू असतील तर त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. सकाळी पायरी पुसते ती धीर देण्यासाठी नाही. मला घरात शिरायची भीती वाटते, म्हणून बाहेर वेळ काढते. हे माझ्या मुलीलाही माहीत नाही. तिने जे पाहिलं ते प्रेमाने पाहिलं आणि तसंच लिहिलं. चूक झाली असेल तर ती हीच, की मी तिला कधी घाबरलेली दिसले नाही. मी चिवट नाही. आमच्या गावात कुणीच नाही. आम्हाला जायचंय. सगळ्यांना एकत्र, आणि आत्ता, घरं उभी असताना."

तुझ्याबद्दल बोलू नये असं ठरवून आले होते, पण बोलून बसले. तुला वाचवायला नाही बोलले, देवाशपथ. खरं होतं म्हणून बोलले.

लाल दिवा विझला तरी मी तशीच बसून होते. अध्यक्षबाई खाली बघून काहीतरी लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "हे सभागृहाला ऐकवणं मला अवघड जाणार आहे. त्यांना भीती ऐकायला आवडत नाही." मी म्हटलं, "मलाही सांगायला आवडली नाही."

गाडी लागली. मास्तर डब्याचं दार धरून उभे आहेत आणि टोपी उडतेय त्यांची.

आई


१२ मे

माझी खारूताई,

सुधारलेला अहवाल काल आला. आपलं गाव आधी हलवायच्या गावांत गेलं. एका मताने का होईना, गेलं. माळावर घरं उभी राहायला दोन वर्षं लागतील म्हणतात, सरकारची दोन म्हणजे आपण चार धरू. मला दोन खोल्या मिळणार. लॉज नाही, धंदा हलवायची तरतूद नाही म्हणे. नसू दे. चादरी धुऊन धुऊन माझी कंबर गेली आहे, एवढं तरी आता कबूल करता येतं.

तुला मसुद्याच्या टेबलावरून उठवून ग्रंथालयात बसवल्याचं तू कार्डावर लिहिलंस. 'इथे शांत आहे' एवढंच. रडलीस का ग? मी तिथे असते तर तुला विचारलं नसतं, नुसतं डोक्यावरून हात फिरवला असता. हे आपल्याला जमतं का, तेसुद्धा आता बघायला हवं.

काल मास्तरांनी वर्गात नवा अहवाल वाचला. माझ्यावरचा परिच्छेद गेला आहे. त्या जागी एकच ओळ, 'साक्षीदाराने रहिवाशांच्या भीतीकडे लक्ष वेधले.' लोकांनी बाकं वाजवली, नळवाले भाऊ तर उभे राहून नाचले. बेकरीवालीने माझ्या गालाची पापी घेतली. आणि मी त्या गर्दीत माझ्या लेकीच्या त्या ओळींसाठी रडत होते. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतेय. तसंही होतंच.

त्या ओळी पुन्हा लिहू नकोस, कुठेच. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, आणि माझ्याबद्दलचं बाकीचं, न आवडणारंसुद्धा. चार नंबरच्या खोलीतलं कपाट आम्ही काल बाजूला केलं. भिंत आहे तशी दिसते आता, भयंकर दिसते. तिथे कुणाला उतरवत नाही. तुझी खोली वरची आहे, ती कोरडी आहे.

शनिवारी मोठं उधाण आहे. लॉजवर कुणी उतारू नाही. खारे, मी एकटी आहे आणि मला भीती वाटते. तू ये.

आई